मुकी मार्टिनी

१ जानेवारी २०१६, शुक्रवार. रुस्ताक, ओमान

नवी वही. या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कुणी नुसतं ‘हुसेन वेल्डर होता’ म्हणू नये. खजुराच्या बागांना पाणी सोडणाऱ्या पाटाच्या लोखंडी झडपा. एकही गळत नाही. बकऱ्या नेणाऱ्या पिकअपचे कठडे, किती ते मोजले नाहीत. किल्ल्यामागच्या एका जुन्या दाराची लाकडी किल्ली. मस्कतचा एक साहेब ती हातात घेऊन म्हणाला, ही मूळचीच दिसते. मी गप्प राहिलो, पण चहा त्या दिवशी गोड लागला. दुकान आणि माझा व्हिसा ज्याच्या नावावर तो माझा अर्बाब खलफान, त्याच्या आईची चाकाची खुर्ची, वाळूत न रुतणारी. माझी मुलगी झरीन डावरी, म्हणून ती चौथीत असताना तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री. खलफानच्या धाकट्या मुलीच्या, शम्साच्या, शिलाई मशीनचा पाय. तो भाग कंपनीनेच बंद केला होता. आणि जुन्या बंदुकांचे दस्ते, इथल्याच बोरीच्या लाकडाचे, वर चांदीच्या पट्ट्या. इथे लग्नात, ईदला पुरुष आजोबा-पणजोबांच्या बंदुका खांद्यावर घेऊन नाचतात. त्यातल्या कितीतरी माझ्या हाताखालून गेल्यात.

शिक्षण सातवी, मराठी शाळा, दाभोळ. लेथ कुणी शिकवली नाही. बघून शिकलो, आणि जे कुणी बघू दिलं नाही ते मोडून शिकलो.

माझ्या दुकानातून वस्तू अर्धी दुरुस्त होऊन बाहेर पडत नाही. रेडिओची काच बदला म्हणाले तरी मी आतली तार बघतो. झरीन म्हणते, हा आजार आहे. ती इथल्या इस्पितळात स्टाफ नर्स, तिला सगळ्यातच आजार दिसतात.

८ जानेवारी, शुक्रवार

नमाजानंतर खलफानच्या मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत, कहवा. मोठा मुलगा मुहन्ना याचं लग्न फेब्रुवारीत ठरलं. खलफानने भिंतीवरची बंदूक काढून माझ्या मांडीवर ठेवली. मार्टिनी, इंग्रजांच्या फौजेची, शंभराच्या वर वय. घरात तिचं नाव खर्सा, म्हणजे मुकी. ती उडत नाही. परवान्यावरही तसंच लिहिलंय: शोभेची, निकामी.

“दस्ता फाटलाय. लाकूड आणि चांदी, हुसेन. बाकी तशीच राहू दे.”

खलफानचा मेहुणा झहरान शेजारी लोडाला टेकून बसला होता. तो हसला. “तिला काय सजवता? ती विधवा आहे. तिकडे यमनमध्ये शेंबड्या पोरांकडे मशीनच्या बंदुका आहेत, आणि आम्ही खांद्यावर लाकूड घेऊन नाचतो. उद्या आग इकडे सरकली तर हिच्याने माशी तरी मरेल का?”

“आग विझवायला फौज आहे,” खलफान म्हणाला.

“आणि फौज येईपर्यंत? माणसाच्या घरात खरी बंदूक हवी. आपल्या बापांच्या घरात होती.”

“फौजेची बंदूक फौजेत बरी. घरात आली की ती घरातलंच माणूस शोधते.”

“मग ही कुठली? खजुराच्या झाडाला लागली होती? हीसुद्धा फौजेचीच!”

“म्हणून तर मुकी केली,” खलफान म्हणाला आणि माझ्या पेल्यात कहवा ओतला. विषय खलास.

मी ‘का’ विचारलं नाही. कारणं विचारणाऱ्या कारागिराचा भाव पडतो.

पण ‘विधवा’ हा शब्द मला लागला. बंदूक माझ्या मांडीवर होती.

१० जानेवारी

जेवताना झरीनला मजलिसमधली हुज्जत सांगितली. तिने भाकरीचा तुकडा तसाच ठेवला.

“अब्बा, गेल्या आठवड्यात इब्रीच्या बाजूचा एक माणूस आला होता. मामेभावाने नवीन बंदूक दाखवायला काढली, फौजी. मांडीत पुढून बटणाएवढं भोक. मागे माझी मूठ जाईल. नातेवाईक म्हणाले, हौसेची होती. हौसेला एवढी मोठी गोळी लागते?”

“दोष लोखंडाचा नाही गो. सुरीने तुझी आई बांगडे कापते.”

“सुरी घरासाठी केलेली असते. ही कशासाठी केलेली असते?”

मी म्हटलं, जेव. भाकरी गार होत होती.

१९ जानेवारी

दस्त्यासाठी बोरीचा ओंडका मिळाला, सहा वर्षं सावलीत वाळलेला. रेषा माशाच्या पाठीसारख्या. शम्सा आजीची खुर्ची ढकलत दुकानात आली, चाकाला तेल हवं होतं. मालिका बघून हिंदी शिकलेली पोर, वय एकोणीस. झरीनकडे शिकायला बसते, तिलाही नर्स व्हायचंय. “हुसेनभाई, मेरे भाई की शादी है, बंदूक को दुल्हन बनाना!” आजी ओरडली, पोरी, बाजारात दात दाखवू नकोस. शम्सा आणखी हसली.

२५ जानेवारी

आज बंदूक पूर्ण खोलली. नुसत्या लाकडासाठी गरज नव्हती, पण लोखंड कुठे बसतं ते बघितल्याशिवाय मी लाकूड कापत नाही.

आत जे दिसलं त्याने वाईट वाटलं. काडतुसावर ठोका देणारी पिन कुणीतरी कानशीने कापून जागा पितळेने बुजवलीय. कुणा अडाण्याने दुरुस्ती करायला जाऊन वाट लावलेली. कानशीच्या खुणा मात्र सरळ आहेत, एकमेकींना समांतर. अडाण्याची कानस इतकी सरळ चालत नाही खरी. पण शहाण्या माणसाने असं का केलं असतं?

कापलेला तुकडा काढून ठेवलाय.

२९ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर एकच आठवत राहिलं. खलफानच्या थोरल्या मुलीचं लग्न, २००९. आम्ही कामगार स्वयंपाकाच्या मांडवामागे होतो. नवऱ्या मुलाच्या हातात खर्सा दिली. त्याने कमरेच्या पट्ट्यातलं काडतूस भरलं, बंदूक वर केली, आभाळाकडे असणार, मला भिंतीआडून नळीचं टोक तेवढं दिसलं, आणि चाप ओढला. खट्. सगळं अंगण हसलं. गच्चीवरच्या बायांनी जिभा वळवून किलकारी केली, वरून मिठाई फेकली.

एवढ्या लोकांसमोर फजिती. नवऱ्याची, घराण्याची. मला त्या दिवशी मान वर करवली नव्हती, आणि बंदूक तर माझी नव्हती. आता ती माझ्या टेबलावर आहे.

३ फेब्रुवारी

दुपारी एक ते चार बाजार बंद असतो, सगळे झोपतात. शटर अर्धं ओढून मी लेथवर, खर्साची नवी पिन करायला.

पहिली पिन बिघडली. केसाएवढा फरक, दुसऱ्याला दिसला नसता. मला दिसला.

दाभोळहून बायकोचा, साबेराचा, फोन आला. मागे लेथचा आवाज ऐकून म्हणाली, “दुपारचं तरी पाठ टेका. तुमच्या हातांना आराम नाय तो नाय.” म्हटलं, एका लग्नाची भेट करतोय. कुणाला सांगू नको.

७ फेब्रुवारी

झाली. जुन्या लोखंडाचा काळा रंग चढवला, नवी वाटू नये म्हणून. तरी काहीतरी उणं वाटत होतं. मग लक्षात आलं, आतल्या प्रत्येक भागावर इंग्रजांच्या सरकारी बाणाचा बारीक ठसा आहे, हिच्यावर नाही. तोही ठोकला. भिंगातून शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. देवाशपथ, कुठली विलायतेची आणि कुठली रुस्ताकची, ओळखता येत नाही.

चाप ओढला. पूर्वी लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज यायचा. आता घड्याळासारखा.

एक शंका आली ती लिहितो. परवान्यावर ‘निकामी’ आहे. खलफानला आधी सांगायला हवं का? पण मग भेट कसली? लग्नात आभाळात आवाज झाला की त्याला कळेलच. झहरानलाही.

११ फेब्रुवारी

खलफान बंदूक न्यायला आला. दस्त्यावरून हात फिरवला, लाकडाला ओठ लावले. ठरल्यापेक्षा वीस रियाल जास्त देत होता, मी परत केले. मग सवयीने त्याने रिकामाच चाप ओढला, आणि थांबला.

“आवाज वेगळा येतो.”

“तेल घातलंय,” मी म्हणालो.

तेल घातलंच होतं.

शम्सा गाडीत होती. खिडकीतून ओरडली, “हुसेनभाई, इस बार पीछे नहीं, आगे खड़े होना! मैं ऊपर से सबसे ज़ोर से चिल्लाऊँगी!” अंगणात पुढे उभं राहायला मला उभ्या आयुष्यात कुणी बोलावलं नव्हतं. पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न.

२१ फेब्रुवारी

लिहायला हवं. आता डोक्यात क्रम बरोबर आहे, पुढे गडबड होईल.

अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर ढोल सुरू झाले. मी पुढे उभा होतो, दुसऱ्या रांगेत. पुरुष तलवारी उडवून झेलत होते. खलफानने मुहन्नाच्या हातात खर्सा दिली. मुहन्नाने पट्ट्यातलं काडतूस काढून सगळ्यांना दाखवलं, भरलं, आणि बंदूक वर केली.

आभाळाकडे नाही. गच्चीकडे. बाया कठड्याला टेकून उभ्या होत्या, आई, आत्या, बहिणी. त्यांनी स्वतःच ओढण्या सारून छाती पुढे केली, हसत. शम्सा सगळ्यांच्या पुढे. मिठाईची परात तिच्या हातात.

मी ओरडलो का? मला वाटतं ओरडलो. शेजारचा इस्माईल ड्रायव्हर म्हणतो, तू काहीच बोलला नाहीस, नुसता हात वर केलास. ढोल चालू होते.

आवाज झाल्यावर लोक आधी हसलेच. त्यांना हसायची सवय होती. परात खाली पडली तेव्हा थांबले.

झरीन ड्यूटीवर होती. शम्साला तिच्याच हातात आणून टाकलं. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. गणवेश धुवायला टाकला नाही, कचऱ्यात टाकला. मी विचारलं, काही बोलली का पोर? झरीन म्हणाली, “बोलायला काही राहिलंच नव्हतं, अब्बा. शंभर वर्षांची असू दे, गोळी फौजेचीच होती.”

मुहन्नाला आणि खलफानला पोलीस घेऊन गेले.

२३ फेब्रुवारी

सांत्वनाला गेलो. खलफानची आई मी केलेल्या खुर्चीत बसली होती. आता ती कुणी ढकलत नव्हतं. माझा हात धरून अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होती. मी जुळवून लिहितो.

साठेक वर्षांपूर्वी, डोंगरावरच्या लढाईच्या काळात तिचा सासरा या बंदुकीसह घराच्या दारात पहाऱ्याला बसायचा. पहाटे कुणीतरी भिंत चढून आलं. त्याने गोळी घातली. तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, लढाईतून चोरून घरी परतलेला. चाळीस दिवस झाल्यावर सासऱ्याने आपल्या हाताने बंदूक मुकी केली आणि सांगितलं, या घरातल्या प्रत्येक लग्नात नवऱ्याने ही खऱ्या काडतुसाने भरायची, आपल्याच माणसांवर रोखायची, चाप ओढायचा. काही होणार नाही. तेव्हा सगळ्यांनी हसायचं. या घरात बंदूक घरच्या माणसाशी बोलत नाही, हे पोरांना कळावं म्हणून.

मी विचारलं, सासरे काय काम करायचे?

“सोनार. चांदीचं काम. त्याच्या हातासारखी कानस रुस्ताकमध्ये कुणाची नव्हती.”

मग मला म्हणाली, “तूच सांग बेटा, तू तिला आतून बघितलीस. मेलेली बंदूक कशी बोलली?”

म्हातारीने माझा हात सोडला नव्हता. मी म्हणालो, अल्लाची मर्जी.

१ मार्च

जेवण जात नाही. लेथला हात लावला नाही. डोक्यात हिशेब चालतो: चाप मुहन्नाने ओढला. काडतूस त्याने भरलं. रोखायची रीत त्यांची. परवाना खलफानचा. मी फक्त एक वस्तू जशी असायला हवी तशी केली. कुठल्याही पंचायतीसमोर हे टिकेल. खुर्चीतल्या म्हातारीसमोर टिकत नाही.

६ मार्च

पोलीस अधिकारी दुकानात आला, तरुण, नम्र. सोबत दुभाष्या. काय काम केलं होतं? मी म्हणालो, लाकूड आणि चांदी. त्याने लिहून घेतलं.

जाताना तो जरा मोकळा झाला. खलफान एकच सांगतोय, बंदूक मेलेली होती, आजोबांनी मारली होती. पण मस्कतच्या तज्ज्ञाने तपासली. पिन मूळची आहे, इंग्लंडमधली, कारखान्याचा ठसा आहे. म्हणजे खलफान खोटं बोलतोय. चालती बंदूक त्याने मुकी म्हणून परवान्यावर लिहवून घेतली आणि वर्षानुवर्षं घरात ठेवली. मुलगा कदाचित सुटेल, बाप अडकला.

“काय काम करायचे इंग्रज!” अधिकारी म्हणाला. “शंभर वर्षं, आणि अजून अशी.”

मी मान डोलावली. शटर ओढून घेतलं आणि स्टुलावर बसलो. लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे: त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते खलफानबद्दल नव्हतं. काम माझं आणि नाव इंग्लंडचं, ते खुपलं.

८ मार्च

झरीनने विचारलं. थेट.

“अब्बा, पिन तुम्ही केलीत?”

“तज्ज्ञ म्हणतात इंग्लंडची आहे.”

“मी तज्ज्ञांना विचारत नाहीये. लहानपणी माझ्या कात्रीवर तुम्ही जपानी कंपनीचा ठसा मारला होता. वर्गात सगळ्यांना मी सांगायचे जपानची आहे. मला खरंच वाटायचं.” तिचा आवाज फुटला. “शम्सा माझ्या हाताखाली होती. मी बोटं आत घालून दाबत होते. तुम्ही एकदा तोंडाने सांगा, हो की नाही.”

मी म्हणालो, “तुला नोकरी आहे, इथला व्हिसा आहे. माझं नाव आलं तर तुझं काय?”

“हे हो झालं,” ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१० मार्च

दुपारी बाजार बंद असताना झहरान आला. पिकअप मागच्या बाजूला लावली. खजुराच्या चटईखाली घोंगडी, घोंगडीत तीन बंदुका. मशीनच्या, फौजी, सरहद्दीपलीकडून आलेल्या. तिन्ही बिघडलेल्या.

“आवाज वेगळा येतो असं खलफान लग्नाआधी मला म्हणाला होता,” झहरान म्हणाला. “मी तेव्हाच समजलो. मस्कतचे मोठमोठे तज्ज्ञ फसले, हुसेन! वल्ला, हात आहेत की काय!”

इतके दिवस कुणाच्या तरी तोंडून हे ऐकायची मला भूक होती. ते या माणसाच्या तोंडून आलं. आणि मला बरं वाटलं. तेही लिहितो.

“तुझी भाची गेली, झहरान.”

“म्हणूनच. घरात निकामी बंदूक ठेवून कुणी वाचत नाही. खरी ठेवावी आणि तिला ओळखावं. पोरांना ठाऊक असतं की ही बोलते, तर कुणी शम्सावर रोखली असती का?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “खलफान आत राहील, दोन वर्षं, तीन. दुकान माझ्या नावावर होईल. मी तुझा अर्बाब. तू इकडे काम करायचं. कोणी काही बोलणार नाही. यल्ला, हे बघ तरी.”

त्याने एक बंदूक माझ्या टेबलावर ठेवली. हात आपोआप पुढे गेला. बोटांना आधी कळतं कुठे काय सैल आहे. काय मोडलंय ते मला उचलायच्या आतच समजलं होतं.

मी हात मागे घेतला आणि म्हणालो, उद्या सांगतो.

११ मार्च, शुक्रवार

सकाळी खण उघडला. सोनाराने कापलेला तुकडा. माझी पहिली, बिघडलेली पिन. बाणाचा ठसा मारायचा पंच. तिन्ही स्वच्छ रुमालात बांधली. हे टेबलावर ठेवल्यावर कुठल्याही तज्ज्ञाला मान्य करावं लागेल की ते काम इंग्लंडचं नाही. आणि मग खलफान खरं बोलत होता हेही.

या दोन गोष्टींतली कुठली मला उठवून पोलिसांकडे नेते आहे, ते मी स्वतःला तीनदा विचारलं. बारकाईने बघणारा माणूस मी, पण इथे दिसत नाही. झरीनला विचारलं. ती म्हणाली, “अब्बा, कुठलीही असू दे. चला.” तिने सुट्टी टाकली आहे. साबेराला तीच फोन करेल. माझ्याने होणार नाही.

तिथून परत कधी, ते माहीत नाही. लेथवर फडकं टाकलं. म्हातारीच्या खुर्चीच्या पुढच्या डाव्या चाकाला तेल हवंय. इस्माईलला सांगून ठेवलं.

झहरान शटरपाशी उभा होता. त्याला नाही म्हणालो. त्याची बोली होती: तीन फौजी बंदुका चालत्या करून द्यायच्या, एकेकीचे दीड हजार, सगळे मिळून साडेचार हजार ओमानी रियाल.